भेवाचं तिकीट

भित्री असावी तर किती असावी माणसानं! जैतूनचाची पालीला भ्यायची, कुत्र्याला भ्यायची, कुकरच्या शिट्टीला भ्यायची. आभाळ गडगडलं की कापसाच्या ढिगात तोंड खुपसून बसायची. मागून मोटरसायकल आली की जागच्या जागी उभी राहून डोळे मिटून घ्यायची, म्हणजे पुढं काय करायचं ते मोटरसायकलवाल्यानं ठरवावं. आणि त्यात लपवाछपवी काही नाही. "मले भेव लागते बाप्पा," हे ती भर रस्त्यात, दहा माणसांत, पोलिसाच्या तोंडावरसुद्धा सांगायची. आमच्याकडं भीतीला भेव म्हणतात. हा शब्द मी उभ्या जन्मात जितका ऐकला असेल त्यातला निम्मा तिच्याच तोंडून.

एसटीत बसली की शेजारच्या सीटवर पिशवी ठेवायची. कुणी म्हटलं, चाची, पिशवी उचला, बसू द्या, तर म्हणायची, "तिथं माह्यं भेव बसलं हाये." मग स्वतःच हसून पिशवी मांडीवर घ्यायची. तिचं म्हणणंच होतं तसं. "भेवाले घरी कोंडून कुठं जाता येत नाही, पोरी. ते मांगं मांगं येतेच. मंग त्याचं बी तिकीट काढाव अन् संगं घेऊन जाव." मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खूप हसले होते. पुढं हसायची सोय राहिली नाही.

आमचं गाव धामणगाव बढे. माझं माहेर इथलंच आणि सासरही इथलंच, मधे दोन गल्ल्या. सासऱ्यांची पिठाची गिरणी आता मी चालवते. गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय, म्हणून लोक मला भांडखोर म्हणतात. म्हणू द्या. चाचीचं घर माहेरच्या गल्लीत, आमच्या भिंतीला भिंत लागून. घर पिंजाऱ्याचं. रहीमचाचा होते तोवर ते कापूस पिंजायचे आणि ती गाद्या शिवायची; ते गेल्यावर तिनं दोन्ही कामं धरली. केसांत, भुवयांत, पापण्यांवर कायम कापसाचे तंतू. दाभण दातांत धरायची आणि दातांत दाभण असतानाही बोलायची. पाहणाऱ्याला वाटायचं, आता गिळते ही. फुकटचं खायची फार हौस; गिरणीवर आली की माझ्या डब्यातले फुटाणे मूठभर उचलल्याशिवाय जायची नाही. आणि पोटात गोष्ट म्हणून राहायची नाही. सकाळी तिला काही सांगितलं की दुपारपर्यंत ते मशिदीपासून मारुतीपर्यंत पोचलेलं असायचं. यावरून माझी तिची दोनदा तरी कडाक्याची भांडणं झालीत.

पण तिची खरी ओळख म्हणजे संध्याकाळची गोळी. दिवे लागायच्या सुमाराला ती ओट्यावर यायची. एका हातात चहाचा कप, एका हातात गोळी. गोळी दोन बोटांत धरून वर करायची आणि साऱ्या गल्लीला सांगायची, "पाहा बाप्पा, घेऊन राह्यली." मग तोंडात गोळी, वर चहाचा घोट, आणि शेवटी जीभ बाहेर काढून दाखवायची, की गेली पोटात. गल्लीला याची इतकी सवय झालेली की तिला जरा उशीर झाला तर समोरच्या घरातून, वरच्या घरातून, कुठूनही हाक यायची, "चाची, गोळी!" नव्या सुना आल्या की त्यांना आधी हसू यायचं. थोड्या दिवसांत त्याही हाका मारायला लागायच्या.

ही गोळी बीपीची नव्हती, शुगरची नव्हती. डोक्याची होती. रहीमचाचा गेल्यावर तिची झोप गेली होती आणि कापसातून कुणी हाका मारतं असं ती म्हणायची. तिच्या माहेरच्या कुणीतरी तिला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं, तिथल्या गोळ्यांनी ती ठीक झाली. पण तेव्हा तिनं ते सगळ्यांपासून लपवलं. गोळ्यांची पुडी कापसाच्या पोत्यात दडवायची. मग एकदा गोळ्या संपल्या, आणायच्या राहिल्या, आणि कुणाला माहीतच नाही तर विचारणार कोण? एका दुपारी माझे वडील शेतातून येत होते, तर ही विहिरीच्या काठावर पाय आत सोडून बसलेली. वडिलांनी मागून जाऊन दोन्ही दंड धरून ओढलं तिला. घरी आले तेव्हा ते थरथर कापत होते, एवढा धिप्पाड माणूस. ती बरी झाली आणि तेव्हापासून गोळी ओट्यावर आली. "लपवली तं मेली," एवढंच सांगायची, जास्त काही नाही.

वडील पुढं वारले. घरात राहिले माय आणि माझा धाकटा भाऊ गजानन. गजू वायरिंगची कामं करायचा. गावातले निम्मे पंखे त्यानं टांगलेले, शेतातल्या मोटारींचे स्टार्टर त्यानं बसवलेले. हसरा पोरगा. एका उन्हाळ्यात त्याची झोप गेली. आधी वाटलं, उकाडा. मग तो म्हणायला लागला की पंख्यातून लोक त्याच्याविषयी बोलतात, वायरीतून घरात येतात. घरातल्या पंख्याची वायर त्यानं स्वतःच कापली. उशाखाली पक्कड घेऊन पडायचा, डोळे उघडे. मायनं विळी धान्याच्या कोठीत लपवली. आणि मला त्याची भीती वाटायला लागली. सख्ख्या भावाची! माहेरी गेले की मी दाराजवळ बसायचे, चपला पायातच ठेवून.

आमच्याकडं घरात माणूस झोपेनासं झालं की पहिला संशय जातो गादीवर. कुणी गादीत काही घालून ठेवलं असेल. लिंबू, बिब्बा, केसांचा गुंता. मग लोक गादी उचलून पिंजाऱ्याकडं नेतात आणि हळूच सांगतात, उसवून पाहा. त्यामुळं गावात कुणाच्या घरातली झोप उडाली हे डॉक्टरच्या आधी चाचीला कळायचं. ती नाही म्हणायची नाही. माणसांना समोर बसवायची, टाके उसवायची, सगळा कापूस हाताखालून काढून दाखवायची. काही ना काही निघायचंच, एखादी केसांतली आकडी, एखादं बटण, आणि लोक त्या बटणाला पाहून घामेघूम व्हायचे. गजूच्या गादीतून एक टिकली निघाली. माझीच असणार, लग्नाआधीची. पण मायचा चेहरा पांढरा पडला, ती टिकली हातात घेईना.

चाचीनं टिकली स्वतःच्या कपाळाला लावून पाहिली. "काय करते हे? काईच नाही करत," म्हणाली. मग मायचा हात धरून बसली. "गादीत काई नाही, गजूची माय. तुम्ही त्याले भेता अन् तो तुमाले भेते. एवढं भेव एका घरात मावन कसं? त्याले डॉक्टरले दाखवा."

तालुक्याच्या त्या दवाखान्यात महिन्यातून एक दिवस जिल्ह्याहून मनाचे डॉक्टर येतात. बरोबर एक समाजसेवक, एक सिस्टर. पैसे पडत नाहीत, गोळ्याही तिथंच मिळतात. आता इतकं सगळं दाराशी आल्यावर माणसानं सरळ जावं की नाही? पण आमच्या गावचं माणूस तिथं जायला निघालं की सांगणार, दाताला चाललो. दाढ दुखते सांगून लोक वर्षवर्ष गोळ्या आणतात. चाचीला हे ठाऊक होतं. ती कुणाला खोटं पाडायची नाही, पण स्वतः मात्र स्टँडवर कंडक्टरला ऐकू जाईल असं सांगायची, डोक्याच्या डॉक्टरकडं चालली म्हणून.

गजूला तिनं फसवून नेलं नाही. त्याच्यासमोर जाऊन बसली आणि म्हणाली, मी माझ्या गोळ्या आणायला जाते, तूही दाखव, आणि वाटेतल्या पुलाचं मला भेव लागतं तर मला सोबतही होईल. पुलाचं खरंच होतं. बस पुलावर आली की शेजारी कोण आहे, बाई की बुवा, काही न पाहता ती त्याचा हात घट्ट धरायची. एकदा एका तलाठ्याचा धरला होता, तो बिचारा पूल ओलांडेपर्यंत खिडकीबाहेर पाहत बसला. गजू तिच्यासाठी म्हणून निघाला. मी मागच्या सीटवर. सगळी वाट माझं लक्ष त्याच्या खिशातल्या पकडीकडं.

दवाखान्यात सगळे भिंतीकडं तोंड करून बसलेले. बायांचे पदर तोंडावर. आणि आमची चाची प्रत्येकाला ओळखून मोठ्यानं हाका मारते आहे, अरे तू बी आला का, आता झोप लागते ना! मला तिचं तोंड दाबावंसं वाटलं. गजूचा नंबर आला आणि बीपीचं मशीन पाहून तो मागं सरला. रबरी नळी, पट्टा, सगळं त्याला वायरीसारखं दिसत असणार. उठून पळाला असता. तेवढ्यात चाचीनं सिस्टरला सांगितलं, आधी माझं पाहा, आणि पट्टा फुगायला लागल्याबरोबर तिनं डोळे मिटून "मेली, मेली" सुरू केलं. सोंग नव्हतं ते, तिला खरंच भेव होतं. गजू तिच्याजवळ उभा राहून तिला सांगायला लागला, काही नाही चाची, हवा आहे फक्त. मग त्यानं स्वतःचा हात पुढं केला.

डॉक्टर त्याच्याशी पुष्कळ वेळ बोलले. गोळ्या सुरू झाल्या आणि काही आठवड्यांनी गजू झोपायला लागला. कापलेली वायर त्यानं स्वतः जोडली. माय रडली, मी रडले. आता संपलं, असं आम्हाला वाटलं.

दिवाळीनंतर तो चौकात चहा प्यायला गेला असताना हॉटेलवाल्या पांडूनं सगळ्यांसमोर विचारलं, "काय बे गजू, फ्यूज उडाला होता म्हणते तुहा?" सगळे हसले. गजूही हसला म्हणे. घरी आला आणि गोळ्या उकिरड्यावर फेकल्या. मी पांडूशी जाऊन भांडले, त्याच्या बरण्या फोडायच्या बाकी ठेवल्या, पण त्यानं काय होतं? महिन्याभरात गजूची झोप पुन्हा कमी झाली. दवाखान्यात चल म्हटलं तर अंगावर यायचा. चाचीनं सांगून पाहिलं, तिचंही ऐकेना. आणि मायनं, कुणालाच न सांगता, उकिरड्यावरची पुडी उचलून आणली होती. गोळी कुटायची आणि त्याच्या चहात घालायची.

तो चहा कसा असतो आमच्याकडं हे सांगितलं पाहिजे. वऱ्हाडात चहा एकट्यानं पीत नाहीत. हातात कप असताना दारात कुणी आलं की अर्धा चहा बशीत ओतून पुढं सरकवायचा. घेता का म्हणून विचारायचं नाही आणि नको म्हणायचं नाही. गजू कितीही बिथरला तरी हे विसरला नव्हता. लहानपणापासून हाताला लागलेलं वळण. आणि मायच्या हे डोक्यातच आलं नाही. जन्म गेला तिचा अर्धा चहा देण्याघेण्यात, तरी डोक्यात आलं नाही.

एका दुपारी मी दळण द्यायला गेले होते. गजू ओट्यावर कप घेऊन बसलेला. चाची तिच्या घरातल्या बोर्डातून ठिणग्या उडतात, भेव लागतं, म्हणून त्याला सांगायला आली. त्यानं अर्धा चहा बशीत ओतला. चाचीला चहा किती प्रिय ते त्याला माहीत, म्हणून बशी स्वतःकडं ठेवून कप तिला दिला. तळाशी बसलेलं गोळीचं पीठ सगळं तिच्याकडं गेलं. माय दारात उभी होती. तिनं हात पुढं केला, तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. मी विचारलं, काय झालं माय? ती आत निघून गेली.

चाची बोर्डाचं सांगता सांगता जड बोलायला लागली. उठली, आणि पाय घसरल्यासारखी ओट्यावरून खाली बसली. आधीच स्वतःची गोळी सुरू, त्यात ही. "अंधारी येऊन राह्यली," एवढं म्हणाली आणि मान टाकली. मी ओरडले. गल्ली धावत आली. माय बाहेर येऊन छाती पिटायला लागली, की औषध होतं रे, गोळी होती, जहर नाही, तुझ्याचसाठी होती. गजू उठून उभा होता. कपाकडं पाहायचा, मायकडं पाहायचा.

"म्हणजे होतं," तो हळू म्हणाला. "मी सांगत होतो ना तुमाले. चहात होतं."

तो आपल्या खोलीत गेला आणि दाराला आतून कडी लागली.

चाचीला गावातल्या डॉक्टरांनी तपासलं, झोपू द्या म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठून बसली. पण गजू बाहेर आला नाही. खोलीतला मेन स्विच पाडला. खोलीला लागून मोरी, तिथल्या नळाचं पाणी तेवढं ओंजळीनं प्यायचा. मायनं दाराशी ठेवलेलं ताट तसंच वाळायचं. आता त्याला वेडा कसं म्हणायचं? त्याचा संशय खरा निघाला होता. घरच्यांनी त्याच्या चहात गुपचूप काहीतरी घातलं होतं, ते पिऊन त्याच्या डोळ्यांदेखत माणूस कोसळलं होतं. मी खिडकीतून हाक मारली तर म्हणाला, तू जा शोभे, तू पण त्यांच्यातलीच. त्या खोलीत वायरींची वेटोळी होती, पकडी होत्या, आणि विजेनं माणूस कसं मरतं हे त्याच्याइतकं घरात कुणाला माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मोठे काका आले. संगं तीन पुतणे आणि बैलाचा कासरा. दार मोडू, बांधून जीपमध्ये घालू, मग पाहू कुठं न्यायचं. काका वाईट माणूस नाही. कासरा ते या हातातून त्या हातात घेत होते, मी पाहिलं. आतून गजूचा आवाज आला की दाराला हात लावणाऱ्याचं डोकं फोडीन, नाही तर स्वतःला संपवीन. माय जमिनीवर बसली. मी मधे उभी. एका बाजूला भाऊ, एका बाजूला कासरा.

तेवढ्यात चाची आली. एका हातात कप-बशी, दुसऱ्यात किटली. अजून चालताना तोल जात होता. तिनं सकाळीच दवाखान्यातल्या समाजसेवकाला फोन लावून विचारलं होतं. ते म्हणाले होते, बांधू नका, त्याच्याशी खोटं बोलू नका, जिल्ह्याच्या दवाखान्यात कुठल्याही दिवशी आणा, आणि जमलंच नाही तर मला कळवा, मी गाडी घेऊन येतो. हे तिनं काकांना सांगितलं. काका म्हणाले, जैतूनबी, तू बाजूला हो, तो मारेल तुला. ती म्हणाली, "मारन बी. मले लय भेव लागून राह्यलं. पण तुमाले घाई हाये तं तुम्ही घरी जा." आयुष्यात तिनं कुणाला एवढं तोडून बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

खिडकीशी जाऊन ती खाली बसली. बसताना भिंतीला धरावं लागलं. कपातला चहा थरथरून बशीत सांडत होता.

"गजू," ती म्हणाली, "तू खोटा नव्हता. त्या दिवशी चहात गोळी होती. तुह्या मायनं टाकली. तिनं चुकी केली. भेवानं केली."

तिनं किटली पुढं ओढली.

"हा चहा माह्या घरचा हाये. किटली माही, दूध माह्यं. ही माही गोळी." तिनं दोन बोटांत धरून गोळी खिडकीच्या गजांशी नेली. "पाहा बाप्पा, घेऊन राह्यली." गोळी घेतली, कपातला चहा प्यायली, जीभ काढून दाखवली. मग किटलीतून पुन्हा कप भरला, अर्धा बशीत ओतला आणि बशी खिडकीच्या पट्टीवर ठेवली. "तू आत्ताच पिऊ नको. मी पडते का ते पाह्य आधी. मी इथंच हावो."

आणि ती बसून राहिली. बशीतला चहा थंड झाला, त्यावर साय धरली. तिनं तो ओतून दिला, नवा ओतला. गल्लीतलं एक कुत्रं येऊन तिच्या पायाशी बसलं. एरवी किंचाळली असती. डोळे मिटून बसून राहिली. काकांनी कासरा कधी खाली ठेवला ते त्यांनाही कळलं नसेल. ऊन ओट्यावरून उतरून नालीपाशी गेलं तेव्हा गजांमागं गजूचा चेहरा आला. दाढी वाढलेली, ओठ फुटलेले.

"चाची, तू पडली नाही," तो म्हणाला.

"नाही पडली. पण हे कुत्रं हाकल बे, जीव चालला माहा."

त्यानं हात बाहेर काढला, कुत्र्याला हाड् केलं आणि बशी उचलून ओठाला लावली. मग दार उघडलं. हातात पक्कड होती. चाची म्हणाली, ते ठेव आधी, मले त्याचं बी भेव लागते. त्यानं पक्कड खिडकीवर ठेवली.

लगेच निघालो, बुलढाण्याच्या बसनं. माय दारात उभी राहिली, तिनं येते म्हटलं नाही आणि त्यानं ये म्हटलं नाही. बसमध्ये तो चाचीच्या शेजारी बसला, पिशवी मांडीवर घेऊन. पूल आला तसा चाचीनं त्याचा हात धरला, आणि तीन दिवस अन्नाचा कण पोटात नसलेला माझा भाऊ तिला म्हणत होता, झालाच चाची, संपलाच पूल, डोळे उघडू नको. दवाखान्यात त्याला काही दिवस ठेवून घेतलं. तो घरी आला तेव्हा मायनं शेगडी ओट्यावर आणलेली होती. चहा आता उघड्यावर होणार, ज्यानं त्यानं पाहून घ्यावं. कितीतरी महिने त्यानं तिच्या हातचा कप घेतला नाही. ती रोज करायची, रोज ठेवायची. मग एक दिवस घेतला.

गोळी मात्र तो चाचीच्या घरात, कापसाच्या ढिगामागं उभा राहून घ्यायचा. ओट्यावर कधी आला नाही. पांडूचा तो शब्द त्याच्या मनातून गेला नव्हता. चाचीनंही कधी ओढलं नाही. तिची गोळी बाहेर, त्याची आत, असं काही वर्षं चाललं.

मग चाचीची नजर गेली. दाभण कापसाऐवजी बोटात जायला लागलं. तिची मुलगी जळगाव जामोदला दिलेली, ती न्यायला आली. गिरणीवर माझा निरोप घ्यायला चाची आली तेव्हा तिनं फुटाण्यांना हात लावला नाही. मुलीनं तिला बजावलं होतं, तिथं सासरची माणसं आहेत, गोळीचं कुणाला कळू द्यायचं नाही, मी खोलीत आणून देत जाईन. मुलीचं तरी काय चुकलं, तिला त्याच घरात नांदायचं. "पोरगी देईन गोळी, हो," चाची म्हणाली. "पण ती एखाद्या दिवशी विसरली तं हाक कोन मारन, शोभा?" मी डबा तिच्या पिशवीत रिकामा केला.

संध्याकाळच्या मलकापूरच्या बसनं त्या निघाल्या, तिथून पुढं दुसरी बस. स्टँडवर आमची गल्ली सगळी आलेली. मुलगी लेकराला घेऊन पुढच्या सीटवर बसली, चाची तिच्या मागं खिडकीशी. गजू कुठं दिसेना. मला राग आला. तेवढ्यात तो पांडूच्या हॉटेलातून कप-बशी घेऊन आला. पांडू स्वतः, हॉटेलातली माणसं, बसमधली माणसं, सगळी पाहत होती. गजूनं चहा अर्धा केला, कप खिडकीतून चाचीला दिला, बशी स्वतःकडं ठेवली. मग खिशातून गोळी काढून दोन बोटांत वर धरली.

"चाची, गोळी!" तो ओरडला. सगळा स्टँड वळला. "पाहा बाप्पा, घेऊन राह्यलो."

त्यानं घेतली आणि जीभ काढून दाखवली. चाचीनं पिशवीत चाचपून स्वतःची काढली. पुढच्या सीटवरच्या मुलीनं मान खाली घातली. चाचीनं गोळी खिडकीबाहेर धरली, घेतली, कप परत दिला. कुणी हसलं नाही. पांडूनं येऊन रिकामी बशी गजूच्या हातातून घेतली.

गजू तिला रोज दिवेलागणीला फोन लावतो. लागला की "चाची, गोळी!" एवढंच ओरडतो, आणि तिकडून ती काही बोलते ते त्यालाच ऐकू येतं. एखाद्या दिवशी फोन कुणी उचलत नाही, त्या दिवशी तो जेवायला बसत नाही, आणि मीही.

मी तिला पाहिलं ते त्या स्टँडवरच शेवटचं. बस वळली तेव्हा तिनं पुढच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरलेला होता. शेजारच्या सीटवर पिशवी होती. वाटेतला पूर्णा नदीचा पूल अजून खूप लांब होता.